मधपेटीसाठी जाळी: आठ नंबर म्हणजे नक्की काय?

सह्यसखा
नमस्कार मंडळी. मावळात आमच्या शेताच्या बांधावर सातेरीच्या (आपल्या देशी मधमाशीच्या) पेट्या आहेत. त्यांची तळाची फळी बदलून जाळीची करायचा विचार आहे, म्हणजे मेणकिड्याचा कचरा खाली पडेल आणि उन्हाळ्यात हवाही खेळेल. सुतार ओळखीचा आहे, लाकूडही आहे. गाडी अडली ती जाळीवर.

प्रशिक्षणात 'आठ नंबरची जाळी' लिहून घेतलं होतं. ते घेऊन गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर पहिल्याने कुंपणाची जाड वेल्डमेश काढून दाखवली. दुसरा म्हणाला आठ नंबर म्हणजे ही, आणि खिडकीची मच्छरजाळी पुढे केली. तिसऱ्याकडे खरोखर बारीक चौकोनांची जाळी होती, पण त्याला ती किती नंबरची हे सांगता येईना. "किलोवर देतो, किती देऊ?" एवढंच.

तर प्रश्न असे: आठ नंबर म्हणजे काय, जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) घ्यावी की स्टीलची, आणि पुण्यामुंबईत थोडी जाळी कोण देतं? मला अख्खा रोल नकोय.

मधाळ_पाटील
सह्यसखा, तिन्ही दुकानदार आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून तर घोळ होतो. 'नंबर' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक मेश, म्हणजे एका इंचात किती घरं. दुसरा गेज, म्हणजे तार किती जाड. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. आठ गेजची तार चार मिलिमीटरच्या आसपास जाड असते, त्यामुळे पहिल्याने कुंपण दाखवलं. तुम्हाला हवी आहे आठ मेश.

पण नुसतं आठ मेश म्हणूनही भागत नाही. माशीला मेशशी देणंघेणं नाही, तिला दिसते ती मधली मोकळी जागा. हिशोब सोपा आहे: २५.४ भागिले मेश, त्यातून तारेची जाडी वजा.

आठ मेशला एका घराचा वाटा ३.१७ मिमी. तार २६ गेजची (साधारण ०.४६ मिमी) असेल तर मोकळी जागा २.७ मिमी. तीच जाळी २२ गेजच्या तारेची (०.७१ मिमी) असेल तर साधारण २.५ मिमी. दोन्हीतून कामकरी माशी जात नाही, कचरा पडतो. सहा मेश घेतली आणि तार २२ गेजची असली तर मोकळी जागा साडेतीन मिलिमीटर होते. मेलिफेरा, म्हणजे बाहेरून आणलेली युरोपीय मधमाशी, त्यातून जाणार नाही, पण आपल्या घाटातली सातेरी अंगाने बारीक, तिच्या बाबतीत मी हमी देणार नाही.

दुकानात हे सगळं बोलत बसू नका. खिशात स्टीलची पट्टी ठेवा. जाळीवर उभी धरा, एका तारेच्या कडेपासून सुरुवात करून एका इंचात किती घरं बसतात ते मोजा. मग तीच पट्टी आडवी धरून मोजा, कारण स्वस्त जाळीत उभी आणि आडवी घरं सारखी नसतात. आठ बाय सात निघाली तर घराचा आकार लांबट आहे.

खवचट_भुंगा
एक इंच मोजायला गेलात की दुकानदार विचारतो, "इंजिनियर का?" हो म्हणा, भाव कमी करत नाही पण चहा मागवतो.

दालदीकर
पाटीलकाकांचा हिशोब चोख. फक्त एक भर: पट्टीबरोबर काडेपेटीत पेटीखालच्या दोनचार मेलेल्या माश्याही न्या. जाळीच्या घरावर माशीची छाती ठेवून बघायची. पोट दाबलं जातं, छाती दाबली जात नाही, म्हणून माप छातीचं. मेलेली माशी सुकून थोडी आकसते, तेवढं लक्षात ठेवा. छाती सहज आरपार जात असेल तर ती जाळी राहू द्या.

आता माझा मुद्दा. मी गुहागरच्या बाजूला असतो, समुद्र घरातून दिसतो. इकडे जीआय जाळी म्हणजे पैसे पाण्यात. बारीक तारेवर जस्ताचा थर तो केवढा, खारा वारा तो खाऊन टाकतो आणि मग गंज थेट तारेला लागतो. त्यातही कापलेल्या कडेला जस्त नसतंच, सुरुवात तिथूनच होते. कोकणात राहणाऱ्याने डोळे मिटून ३०४ ग्रेडची स्टेनलेस घ्यावी. आणि जाळी स्टेनलेसची घेऊन ठोकायला साध्या लोखंडी चुका वापरू नका. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की हलका धातू आधी मरतो. जाळी चकचकीत राहते, चुका गंजून डोकी उडतात आणि एका कोपऱ्यातून जाळी लोंबायला लागते. स्टेनलेसच्या स्टेपल पिना मिळतात, त्या वापरा.

सह्यसखा
दालदीकर, ३०४ आहे हे ओळखायचं कसं? दुकानदार म्हणतो चुंबक लावून बघा, चिकटलं नाही तर ३०४.

दालदीकर
चुंबकाने एवढंच कळतं की जीआय आहे की स्टेनलेस. २०२ ग्रेडही चुंबकाला फारसं धरत नाही आणि ते स्वस्त असतं. उलट अस्सल ३०४ ची तार ओढून बारीक करताना तिच्यात थोडं चुंबकत्व येतं, त्यामुळे बारीक जाळी चुंबकाला किंचित ओढली गेली म्हणून ती खोटी ठरत नाही. बिलावर '३०४' लिहून मागा. लिहायला का कू केली की समजून घ्या.

मधाळ_पाटील
मावळात मात्र चांगली जीआय चालेल हो. समुद्र दूर आहे. सह्यसखांनी उगाच दुप्पट खर्च करू नये. फक्त मेलिफेरा ठेवून पुढेमागे माइटसाठी (माशीच्या अंगावरच्या बारीक गोचिडीसारख्या किडीसाठी) फॉर्मिक ॲसिड वापरणार असाल तर वेगळं, त्याची वाफ जस्ताला आणि लोखंडाला खाते.

सांगोल्याचा_नाना
आमचं काम मेलिफेराचं, पेट्या फिरत्या. डाळिंब, सूर्यफूल, कांदा बियाणं, थंडीत मोहरीला राजस्थान. त्यामुळे जाळीकडे आम्ही वेगळ्या नजरेने बघतो. तळाची जाळी ठीक आहे, पण माश्या वाचवते ती प्रवासाची जाळी.

ट्रकमध्ये पेट्या रचल्या की आत उष्णता चढते. माश्या घाबरल्या की अजून चढते, मेण मऊ होतं, मधाने भरलेलं पोळं चौकटीतून सुटून पडतं आणि सगळी वसाहत मधात लडबडून मरते. दारात जाळी खुपसून दार बंद करणं सगळ्यांना सुचतं. पण उजेड दारातून येतो, सगळ्या माश्या उजेडाकडे धावतात आणि त्या जाळीवर एकावर एक चढून तीच बुजवून टाकतात. हवा बंद. म्हणून दार शक्यतो अंधारं ठेवायचं आणि हवा वरून द्यायची. आतलं झाकण काढून त्या जागी जाळीची चौकट बसवायची. चौकटीला खाली दोन इंच तरी उंची पाहिजे, म्हणजे माश्यांना वर येऊन घोळका करायला जागा मिळते. थांबलो की वरून पाण्याचा हलका फवारा. पेट्या रचताना चौकटी गाडीच्या लांबीच्या दिशेने, नाहीतर ब्रेकला पोळी एकमेकांवर आपटतात. निघायचं रात्री, सगळ्या माश्या घरी आल्यावर.

या वरच्या जाळीला आठ मेशच पाहिजे, पण तार जरा दणकट. ट्रकमध्ये एका पेटीचा कोपरा दुसऱ्या पेटीच्या जाळीवर घासतो. बारीक तारेची जाळी तिथे फाटते आणि मग रात्री ढाब्यावर काय होतं ते विचारू नका. ड्रायव्हर गाडीत बसायला तयार नसतो.

पाटणची_वैशाली
नाना, ढाब्याचा किस्सा सविस्तर येऊ द्या की!

सांगोल्याचा_नाना
ताई, तो धागा वेगळा काढावा लागेल.

घाटमाथा
मला थोडा विरोधी सूर लावायचा आहे. सातेरीला जाळीचा तळ हवाच कशाला? हे मूळ खूळ मेलिफेराचं आहे. व्हरोआ माइट अंगावरून खाली पडला की परत वर चढू नये म्हणून जाळी आली. व्हरोआ मुळात आपल्या सातेरीच्याच जातीचा जुना पाहुणा. सातेरी तो एकमेकींच्या अंगावरून वेचून काढते, आणि तिच्याकडे तो मुख्यतः नरांच्या घरांतच वाढतो. तिला त्याचं फार दुखणं नाही.

दुसरं, सातेरी लहरी. उजेड, वारा, सारखी उघडझाक यातलं काहीही फार झालं की पेटी सोडून जाते. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पट्ट्यात पावसाळ्यात चार महिने धुकं आणि वारा असतो. तळाला उघडी जाळी म्हणजे पिल्लांच्या कोठ्यात थेट गारठा. आधीच पावसाळ्यात फुलोरा नाही, साखरपाण्यावर वसाहत कशीबशी तगून असते. अशात माश्यांनी पिल्लं ऊबदार ठेवायची की जाळीचा वारा अडवायचा?

तिसरं, सातेरी पंख हलवून हवा कशी खेळवते ते नीट बघा. मेलिफेरा दारात तोंड आत करून उभी राहते आणि आतली हवा बाहेर ओढते. सातेरी तोंड बाहेर करून उभी राहते आणि बाहेरची हवा आत ढकलते. तिची पद्धत बंद तळावर उत्तम चालते. तळ उघडा केला की तिने आत ढकललेली हवा खालून निघून जाते.

मधाळ_पाटील
घाटमाथा यांचं म्हणणं पावसाळ्यापुरतं शंभर टक्के मान्य. उन्हाळ्यापुरतं नाही. मेणकिडा हा सातेरीचा खरा शत्रू. त्याच्या अळ्या वाढतात तळावर साचलेल्या मेणाच्या भुशात. बंद तळावर तो भुसा दर आठवड्याला खरवडावा लागतो, आणि आपल्यातले किती जण तो खरवडतात ते आपण सगळे जाणतो. जाळीखाली सरकती पत्र्याची किंवा प्लायची तळी ठेवायची. भुसा तिच्यावर पडतो, मागून तळी ओढायची, पुसायची, परत सरकवायची. पेटी उघडावी लागत नाही, माश्यांना कळतही नाही. जून ते सप्टेंबर तळी घट्ट बंद ठेवायची, म्हणजे जाळी असून नसल्यासारखी. बाकी महिने उन्हाच्या मानाने थोडी ओढून ठेवायची.

म्हणजे जाळी लावा की नको हा प्रश्नच नाही. जाळीखाली बंद होणारी तळी नसेल तर लावू नका.

अनिवासी_भ्रमर
मी पेनसिल्व्हेनियात घरामागे मेलिफेराच्या दोन पेट्या ठेवतो. इकडे जाळीचे तळ बऱ्याच जणांकडे असतात. पण निव्वळ जाळीने व्हरोआ आटोक्यात येतो यावर आता कोणी फार विसंबत नाही. खरा उपयोग मोजणीचा. जाळीखाली तेल फासलेला पांढरा कागद सरकवायचा, ठराविक दिवसांनी काढून माइट मोजायचे आणि औषध द्यायचं की नाही ते ठरवायचं. माइट साधारण दीड मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे आठ मेशमधून आरामात पडतो. मच्छरजाळी लावली तर तो वरच अडकतो. १६ मेशच्या जाळीत मोकळी जागा १.३ मिमीच्या आसपास उरते. तेव्हा सह्यसखांच्या दुसऱ्या दुकानदाराची जाळी तळासाठी बाद.

आणखी एक: मेलिफेरा जाळीची घरं डिंकाने, म्हणजे प्रोपोलिसने, बुजवत जाते. थंड प्रदेशात फारच. जाळी काढून खरवडता येईल अशी बसवावी. सातेरी डिंक गोळा करत नाही, तेवढं तुमचं काम कमी.

सांगोल्याचा_नाना
माइटचं खरं आहे. आमच्याकडे मेलिफेराला व्हरोआबरोबर ट्रॉपिलीलॅप्सही असतो, तो अजून बारीक आणि तुरुतुरु पळणारा. तो आठ मेशमधून पडतोच पडतो.

पाटणची_वैशाली
मला जाळी पेटीसाठी नको, मध गाळण्यासाठी हवीय. आमच्या बचत गटाकडे जांभळाचा मध येतो, आम्ही तो गाळून बाटल्या भरतो. गटातल्या एकीने हीच पेटीची जीआय जाळी टोपावर ताणून गाळायचं सुचवलं. चालेल का? आणि फार बारीक गाळलं की मधातला पराग निघून जातो म्हणतात, ते खरं का?

दालदीकर
वैशालीताई, मधाला जीआय अजिबात लावू नका. मध आंबट असतो, पीएच चारच्या आसपास किंवा खालीच. जस्त त्यात उतरतं. मधाला लागणारं सगळं, म्हणजे जाळी, टोप, मधयंत्राचा पिंप आणि तोटी, स्टेनलेस किंवा अन्नासाठीचं प्लास्टिक असावं.

गाळायचं दोन टप्प्यांत. आधी आठ किंवा बारा मेशची स्टेनलेस जाळी, तिच्यावर मेणाचे तुकडे, पंख, मेलेल्या माश्या राहतात. खाली ४० मेशची. एकदम बारीक जाळीवर ओतलंत तर मेण बसून पाच मिनिटांत गाळणं बंद पडतं. परागाचं म्हणाल तर ४० मेशचं घर ०.४ मिलिमीटरचं, आणि बहुतेक परागकण त्याहून कितीतरी बारीक, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्याही आत. ते खाली येतातच. घरगुती गाळणीने पराग जात नाही, तो जातो कारखान्यात दाबाने गाळल्यावर. आणि गाळायला सोपा व्हावा म्हणून मध चुलीवर चढवू नका, दुपारच्या उन्हाने तापलेल्या खोलीत गाळा.

पाटणची_वैशाली
खूप आभार दादा. चुलीवरचं आजच बंद.

माळरान
मिळण्याच्या जागेबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मुंबईत मशीद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीट. जाळ्यांची दुकानं ओळीने आहेत आणि मेश, गेज, ग्रेड सगळं त्यांच्या तोंडावर असतं. तिथे "आठ मेश, सव्वीस गेज, ३०४" एवढं म्हणालात की पुढचा प्रश्न फक्त किती हवी हा. जाळी तीन किंवा चार फूट पन्ह्याच्या रोलमध्ये असते, बरेच जण रनिंग फुटाने कापून देतात. दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका. पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळीत विचारा.

हे सगळं लांब पडत असेल तर जवळच्या तालुक्याच्या गावी गिरणीचे आणि मळणी यंत्राचे सुटे भाग विकणारा गाठा. धान्याच्या चाळणीची जाळी त्याच्याकडे असतेच, आणि ती चाळायला बनवलेली असल्याने घरं एकसारखी असतात, जी हार्डवेअरच्या जाळीत नेहमी नसतात. फक्त त्यात साधी काळी लोखंडी जाळीही असते, तिच्यावर जस्त नसतं. ती घेऊ नका.

किलोवर घेताना एक हिशोब ध्यानात ठेवा. जाड तारेची जाळी वजनाला जास्त, म्हणजे त्याच पैशात कमी क्षेत्रफळ. दोन दुकानांचे किलोचे भाव तोलण्यात अर्थ नाही. एक चौरस फुटाला किती पडतं ते विचारा.

घाटमाथा
माळरान, चाळणीवाल्याची युक्ती झकास. भाताच्या गिरण्या आमच्याकडे भरपूर.

नवी जाळी आणली की साबणाच्या गरम पाण्यात खसखसून धुवा आणि दोन दिवस उन्हात टाका. तार विणताना तेल लागलेलं असतं. तेलाचा वास सातेरीला सहन होत नाही. पेटी सोडून जायला तिला तेवढं निमित्त पुरतं.

कापताना पत्र्याची कात्री घ्या आणि एकाच तारेच्या कडेने सरळ चला. तिरकी कापलीत तर तारा सुटत जातात. कडा अर्धा इंच दुमडून लाकडी पट्टीखाली दाबा, टोकं आत कुठेही उघडी नकोत, माशीचे पंख आणि पाय त्यावर फाटतात. जाळी ढोलकीसारखी ताणलेली हवी. मधे झोळ पडला तर चौकटीखालची जागा वाढते आणि माश्या त्या पोकळीत वेडंवाकडं पोळं बांधतात. पेटी मोठी असेल तर मधून एक बारीक आडवी पट्टी द्या.

सह्यसखा
मंडळी, इतकी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. पाटीलकाकांची सरकती तळी नक्की. उद्या वडगावला चाळणीवाला शोधतो, नाही मिळाला तर रविवार पेठ.

एक उपप्रश्न. याच जाळीची राणीजाळी करता येईल का? पाच मेश घेतली तर कामकरी जाईल, राणी अडेल?

मधाळ_पाटील
नको. राणीजाळीत फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा असतो. मेलिफेरासाठी फट ४.२ मिमीच्या आसपास लागते, सातेरीला त्याहून कमी. विणलेल्या जाळीत तार जरा सरकली की एक घर मोठं आणि शेजारचं लहान. राणी मोठं घर शोधून वर जाते आणि लहान घरात कामकरी अडकून मरतात. राणीजाळी तयारच घ्या, आणि सातेरीचीच मागा. मेलिफेराची राणीजाळी सातेरीच्या पेटीवर टाकली तर राणी वरच्या कोठ्यात अंडी घालून येईल.

राणीचा पिंजरा मात्र उरलेल्या तुकड्यातून करता येतो. आठ मेशच हवी, कारण कामकरी माश्या बाहेरून जीभ घालून राणीला भरवतात. मच्छरजाळीचा पिंजरा केला तर राणी उपाशी.

खवचट_भुंगा
आमच्या भिंतीत पोयाच्या माश्या (बारीक, डंख न मारणाऱ्या) आहेत, त्यांच्यासाठी छोटी पेटी करतोय. त्यांना ही आठ मेश लावू का हवेसाठी?

घाटमाथा
भुंगेराव, पोयाची माशी आठ मेशमधून चालत जाईल, तिच्यासाठी ती जाळी म्हणजे दरवाजा. हवेची भोकं ठेवायचीच असतील तर अगदी बारीक स्टेनलेस जाळी लावा, तीस-चाळीस मेशची, मधगाळणीतला तुकडा उरला असेल तर तोच. तीही दोन महिन्यांत त्या डिंकाने लिंपून टाकतील. लिंपू द्या, खरवडू नका.